गिंडीच्या फाटकापर्यंत

मैलापूर, चेन्नई
२ डिसेंबर २००६

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग घालावा असं आज वाटत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे.

तुझं कार्ड काल मिळालं. फोन करणार होते, पण फोनवर मी जरा आवाज चढवला की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं. म्हणून कागद घेतला.

तू आणि वहिनी यात्रा कंपनीबरोबर दक्षिण बघायला निघालात, फार छान केलंत. बस सांगलीची, माणसं सांगलीची, आचारी सांगलीचा, त्याच्या पिंपातलं ज्वारीचं पीठही सांगलीचं. तेही एक वेळ समजू शकते. पुढचं मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. ‘मंगळवार दि. ९ जानेवारीस आमची बस चेन्नईत आहे. सकाळी दहा ते बारा गिंडीचे राष्ट्रीय उद्यान. तुम्ही उभयता फाटकाशी आलात तर भेट होईल.’ बहिणीच्या गावी येऊन बहिणीला फाटकाशी बोलावणारा भाऊ मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी काय तिथे पार्सल सोडवायला येणार आहे?

आता त्या उद्यानाचं ऐक. गिंडी म्हणजे भर शहरात राखून ठेवलेलं रान. एका बाजूला राजभवन, दुसऱ्या बाजूला अखंड गाड्यांचा रस्ता, आणि मध्ये काळवीट आणि चितळं. पण आतलं खरं रान तुमच्याआमच्यासाठी उघडं नसतं, त्याला वनखात्याची परवानगी लागते. तुमच्या बसला दिसणार ती पोरांची बाग, फाटकाजवळ ठेवलेलं दगड झालेलं जुनंपुराणं झाड, आणि शेजारचं सर्पोद्यान. शिराळ्याची नागपंचमी बघत लहानाचा मोठा झालेला तू, मद्रासला येऊन काचेमागचा नाग बघणार. शिराळ्याच्या लोकांना हे कळलं तर ते तुला गावात घेणार नाहीत.

आणि मुख्य म्हणजे मंगळवारी ते बंद असतं. तुझ्या कंपनीच्या मॅनेजरला कुणीतरी सांगा.

तेव्हा मी ठरवलंय ते असं. तारीख बदला. दहा वाजता हे रिक्षा घेऊन फाटकाशी येतील. तुम्ही उतरलात की तडक मैलापूरला यायचं. रस्ता मोकळा असला तर लांब नाही. घरी जेवायचं, जरा टेकायचं, आणि बस महाबलीपुरमला निघायच्या आत हे तुम्हाला परत नेऊन पोचवतील. काळविटांनी तुझी वाट बघितलेली नाही, मी बघितलेली आहे.

वहिनींना सांग, उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी करते. ह्यांच्या आई करायच्या तशी. तिखट कमी घालते.

तुझी,
विमला


सांगली
११ डिसेंबर २००६

चि. सौ. विमला हीस आशीर्वाद.

पत्र पावले. मंगळवारच्या सूचनेबद्दल मॅनेजर तुझे आभारी आहेत. त्यांनी आता कांचीपुरम आधी घेऊन उद्यान बुधवारी, दहा तारखेस ठेवले आहे. वेळ तीच.

घरी येण्याबाबत लिहितो. कंपनीचा नियम असा आहे की कोणी मधेच गट सोडून जायचे नाही. गेल्या खेपेस कोल्हापूरचे एक गृहस्थ मदुराईत साडूकडे गेले आणि बस तीन तास अडकून पडली. शिवाय माझी साखर वाढलेली आहे, बाहेरचे खाणे बंद आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा धरला आहे, तिला रिक्षात चढउतार झेपत नाही. या सर्व अडचणी तू समजून घेशील.

तू रागावू नयेस म्हणून मी एक व्यवस्था केली आहे. मॅनेजरांना सांगून तुम्हा दोघांसाठी जेवणाची दोन जादा पाकिटे मागवली आहेत. पुरी, बटाट्याची भाजी, दहीभात आणि एक बुंदीचा लाडू असतो. स्वच्छ असते. त्या दगडी झाडापाशी सावली असेलच. तिथे बसून चौघे मिळून जेवू. बालाजीरावांसाठी उपरणे आणि तुझ्यासाठी इरकल घेऊन येत आहे. तुम्ही काहीही आणू नये, ही विनंती.

बालाजीरावांस स. न. सांगावा.

दादा


मैलापूर
१६ डिसेंबर २००६

दादा,

पाकिटं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवत होते. ‘दोन जादा पाकिटे’ इथे आले आणि पुढचं वाचवेना. आम्ही ह्या गावचे. आमचं घर ह्या गावात, चूल ह्या गावात, आणि तू सांगलीहून येऊन आम्हाला आमच्याच गावात झाडाखाली बसवून पुरीभाजी वाढणार. वर लाडू. तो लाडू तिथल्या माकडांना दे, त्यांना मानपान कळत नाही.

आता बोलायचंच झालं तर सगळंच बोलते. माझं लग्न झाल्यापासून तू माझ्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाहीस. पहिल्यांदा आलास तेव्हा तुझी म्हणे एकादशी होती. सासूबाईंनी साबुदाणा भिजवला, तर तू म्हणालास निर्जळी आहे. मागाहून मी पंचांग काढून बघितलं, ती नवमी होती. मग शिक्षकांच्या संमेलनाला आलास आणि ट्रिप्लिकेनच्या लॉजवर उतरलास. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दोघं धावत आलात, रात्र रात्र माझ्या उशाशी बसलात, ते मी जन्मात विसरणार नाही. पण हे घरून तुमच्यासाठी डबा आणायचे आणि तो तसाच परत जायचा. तू इस्पितळाच्या फाटकावरच्या शहाळेवाल्याकडे उभा राहून पोट भरायचास. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, अगं तुझ्या भावाला आमच्या घरातलं आवडत नाही का. मी काय सांगणार होते त्यांना?

कारण मला माहीत आहे, दादा. मी दुधखुळी नाही. ह्यांचे पूर्वज तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली, ह्यांच्या मराठीत तमिळ मिसळतं, हे भाताबरोबर रसम घेतात, म्हणून हे तुमच्या लेखी मद्रासी. मिरजेच्या रेल्वे ऑफिसात नोकरीला असताना मी ह्यांना पसंत केलं तेव्हा तू तोंडाने ‘हो’ म्हणालास आणि पोटात ‘नाही’ ठेवलंस. कन्यादानाला बसलास ते लोकलाजेस्तव. ह्यांनी कधी एक शब्द काढला नाही. मी चिडले की हे म्हणतात, परवाइल्ले, म्हणजे चालायचंच. मला मात्र चालत नाही.

घरी येणार असलास तर कळव. नाहीतर मी फाटकाशी येणार नाही. तू आणि काळवीट बघा एकमेकांकडे.

विमला


सांगली
२२ डिसेंबर २००६

चि. सौ. विमलावन्सं यांना आशीर्वाद.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून हे धड जेवत नाहीत. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. बालाजीरावांना ह्यांनी मद्रासी मानलं, हे वाचून मात्र मला गप्प राहवेना. वन्सं, तसं काही नाही हो. इकडे कुणाच्या जावयाचं कौतुक निघालं की हे तुमच्या यजमानांचं नाव सगळ्यांच्या आधी घेतात.

मामंजी तुमच्या लग्नाआधीच गेले होते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, एकटीने कन्यादान करता येईना, म्हणून आम्ही दोघं बसलो. म्हणजे तुमचे आईबाप आम्हीच झालो. तुमची पाठवणी झाल्यावर सासूबाईंनी आम्हाला देवापुढे उभं केलं आणि सांगितलं, लेक दिली त्या घरचं अन्नपाणी तिला मूल होईपर्यंत घ्यायचं नाही, मामंजींच्या घराण्याची रीत आहे. हे हो म्हणाले. तेव्हा त्यात काही वाटलंच नाही. वर्षदोन वर्षांचा प्रश्न, असं धरून चाललो होतो आम्ही. बाळंतविडा करायचा तेव्हा पोटभर जेवून येऊ, असं आमचं बोलणंही व्हायचं.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कसं लिहू. तुमचं ऑपरेशन झालं, मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी हे बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी म्हटलं, आता तरी वन्संना खरं सांगा, नाहीतर जेवून तरी टाका. हे म्हणाले, “आता जेवलो तर आजवर का नाही विचारेल. कारण सांगितलं तर तिच्या जखमेवर पाय पडेल. तिला माझा राग येऊ दे. राग ती सोसेल.”

तेव्हापासून हे असंच चाललंय. सासूबाई गेल्या तरी शब्द तसाच राहिला. ह्या खेपेला कंपनीच्या माणसाने विचारलं होतं, चेन्नईत मैलापूरचं देऊळ बघायचं की गिंडीचं उद्यान. सगळा गट देवळाकडे झुकला होता. ह्यांनी एकेकाला गाठून उद्यानाची बाजू मांडली. मला म्हणाले, बागेत कुणाचा उंबरा नसतो, तिथे तिला भेटता येईल. नियमबियम काही नाहीत. माझा गुडघा दुखतो हे मात्र खरं आहे.

मी लिहिलं हे ह्यांना कळलं तर कळो.

तुमची वहिनी


मैलापूर
२७ डिसेंबर २००६

ती. दादा,

वहिनींनी मला सगळं लिहिलं आहे. त्यांना बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

पत्र वाचून मी आधी रडले. तू त्या बाकावर बसलास ते मला दिसलं. मग तोंड धुतलं, आणि राग आला तो आधीच्याहून दुप्पट.

मला मूल झालं नाही हे मला ठाऊक आहे, दादा. तू सांगितल्याने ते मला कळणार नव्हतं आणि लपवल्याने टळणार नव्हतं. लोकांच्या ओट्या भरताना मला वगळलं गेलं ते मी सोसलं. डोहाळजेवणाला बोलावणी आली नाहीत ती सोसली. एवढं सोसलेल्या बाईला तुझ्या एका रीतीचं ओझं झालं असतं? माझ्या जखमेला तू जपलंस म्हणतोस. जखम तर कधीच भरली होती. जी ओली राहिली ती तुझ्या न जेवण्याची.

आणि तू एकट्या मला शिक्षा दिली नाहीस. तू येणार असलास की हे स्वतः मागच्या अंगणातलं केळीचं पान कापून आणायचे, पुसून मांडायचे, आणि तू निघून गेलास की ते दुमडून गाईला घालायला न्यायचे. कितीदा झालं हे. आपण ह्या लोकांना कमी वाटतो, असं धरून ह्या माणसाने आपलं आयुष्य काढलं. वहिनींचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ते मागून घेऊन त्यांनी त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, “मग त्यांस आमचा राग नव्हता तर.” आणि उठून बाहेर तिण्णैवर, म्हणजे आपल्याकडचा ओटा असतो ना तिथे, जाऊन बसले. दिवेलागणीपर्यंत आत आले नाहीत. त्यांना काय देणार आहेस तू? उपरणं?

ज्या घरात मूल नाही ते घर नव्हे, असाच तुमच्या रीतीचा अर्थ ना? मग आम्ही दोघं इतकी वर्षं राहतो ते काय आहे, धर्मशाळा? सासूबाईंचं आजारपण काढलं, ह्यांच्या पुतण्यांची शिक्षणं केली, शेजारच्या अंबुजाची दोन बाळंतपणं ह्या घरात झाली. आईने रीत सांगितली तेव्हा ती मला शिक्षा म्हणून सांगितली नव्हती. मूल होईल ह्या आशेने सांगितली होती. आशा संपली तेव्हा रीतही संपायला हवी होती. एवढं तुला कळलं नाही, आणि तू जन्मभर मुलांना शिकवलंस.

आता मी साठीला आले. मूल व्हायचं नाही. म्हणजे तुझ्या हिशेबाने मी मरेपर्यंत तू माझ्याकडे जेवणार नाहीस. तर आता तू ठरव, रीत ठेवायची की बहीण.

हे दहा तारखेला दहा वाजता फाटकाशी रिक्षा घेऊन उभे राहतील. मी येणार नाही. मी घरी असेन. आणि ऐकून ठेव, ह्या खेपेला मी काहीही रांधून ठेवणार नाही. आजवर ठेवलं आणि गाईला घातलं. आता तुला जेवायचं असेल तर तू माग. मी विचारणारसुद्धा नाही.

विमला


सांगली
२ जानेवारी २००७

चि. विमला,

पत्र वाचले. दहा तारखेस फाटकाशी असेन.

दादा


सांगली
१९ जानेवारी २००७

चि. सौ. विमलावन्सं यांना,

आम्ही परवा सुखरूप पोचलो. तुम्हाला एक विचारायचं आहे म्हणून लगेच लिहिते.

त्या दिवशी फाटकाशी बालाजीराव दिसले तेव्हा हे बसमधून सर्वांत आधी उतरले. मी मुद्दामच म्हटलं, माझा गुडघा चालायचा नाही, तुम्ही या जाऊन. मी बायकांबरोबर साप बघितले, मग बाकावर बसून राहिले. बस सुटायच्या बेतात असताना हे रिक्षातून उतरले. सदऱ्यावर दह्याचा डाग होता. महाबलीपुरम येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. मी विचारलं, जेवलात का? तर म्हणाले, तिलाच विचार. त्या दिवसापासून हेच उत्तर. रामेश्वरला जाऊन आलो तरी तेच.

काय झालं ते कळवा. मला चैन नाही.

तुमची वहिनी


मैलापूर
२५ जानेवारी २००७

ती. वहिनींना नमस्कार.

आधी तुमच्यावर रागावून घेते. माझ्या गावात येऊन बागेतल्या बाकावर बसून कंपनीचं पाकीट खाल्लंत ना? मला ह्यांनी सांगितलं. कन्यादानाला दोघं बसलात आणि जेवायला एकाला पाठवलंत.

आता ऐका.

दादा आला तो दारात चपला काढून उभा राहिला. मी म्हटलं, ये. तो खुर्चीत बसला. पाणी विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते विचारलं नाही. ह्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, मी लक्ष दिलं नाही. दादाने सासूबाईंच्या फोटोला नमस्कार केला. इकडे नळाला पाणी येतं का, की अजून टँकरच, असं विचारलं. ह्यांनी सांगितलं, पाऊस बरा झाला, आता येतं. पंखा फिरत होता आणि मी खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. मी उठले नाही. मी इतकी हट्टी आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मग हे म्हणाले, निघायला पाहिजे, बस सुटेल. दादा उठला. दारापर्यंत गेला, एक पाय चपलेत घातला. मला वाटलं, संपलं. आता ह्यापुढे पत्र नाही, भाऊबीज नाही, काही नाही. मी शेंगांतून मान वर केली नाही.

तो चप्पल काढून परत आला. माझ्या समोरून सरळ स्वयंपाकघरात गेला. त्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. गार शेगडीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, “विमे, मला भूक लागली आहे. काहीतरी दे.”

बाबा गेल्यावर शाळेतून आले की हे वाक्य मी त्याला म्हणायची, वहिनी. तो सायकल टाकून आधी माझ्यासाठी पोळी शोधायचा.

आणि माझ्या घरात काही नव्हतं. माझ्या हट्टापायी मी खरंच काही केलं नव्हतं. सकाळी आम्हा दोघांपुरता दहीभात कालवून ठेवला होता तेवढाच. तो पाटाची वाट न बघता जमिनीवर बसला. ह्यांनी पान आणायला अंगणात धाव घेतली, पण मी थांबले नाही, स्टीलच्या ताटलीत वाढलं. लिंबाचं लोणचं घातलं. तो खाली मान घालून जेवू लागला आणि माझं तोंड सुटलं. एकादशी, लॉज, शहाळी, परत गेलेले डबे, ह्यांनी दुमडलेली पानं, सगळं सगळं मी त्याला ऐकवलं. तो जेवत होता आणि ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, आता वर गेल्यावर आईला काय सांगशील?

तो म्हणाला, “सांगेन, विमीकडे जेवून आलो.”

आणि त्याने ताटली पुढे केली. मी ह्यांच्या वाटणीचा भात वाढला. तोही संपला. मग माझ्या वाटणीचा. हे पान हातात घेऊन दारात उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्हा दोघांना त्या दिवशी घरात खायला उरलं नाही, आणि शेगडी पेटवायचंही सुचलं नाही.

तरी माझा राग गेलेला नाही, हे लक्षात असू द्या. इतकी वर्षं साठलेला आहे, तो एका ताटली दहीभाताने जाणारा नव्हे. गुडघा बरा झाला की दोघांनी यायचं, कंपनीशिवाय, आणि चार दिवस राहायचं. वहिनी, तेव्हा मी आधीच रांधून ठेवीन. तुम्हाला मागावं लागणार नाही.

तुमची,
विमला